भुगा

लिएपायाच्या संग्रहालयात, तळघरात,
नवव्या फळीवर एक फुप्फुस आहे.
पिवळ्या फोमचं, माणसाहून उंच.
आत पंखा. तो चालायचा तेव्हा ते फुगायचं,
अर्धा क्षण अडायचं, मग बसायचं.

तालिवाल्दिसनं ते केलं चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात.
देश नव्यानं जन्मून तीन वर्षं झालेली,
गिरणी बंद, आणि तिच्या गोदामात फोमच फोम.
त्याचं पत्र फायलीत आहे, एकाच ओळीचं:
मरायला लागलं तर मरू द्या.
मला पगार मिळतो तो नेमका
याच्या उलट कामाचा.

दर जानेवारीत मी अवस्था नोंदवते.
डाव्या अंगाला चिरा.
चिरा वाढल्या.
हात लावू नये.
यंदा खाली ठेवलेल्या ताटातला भुगा तोलला:
तीनशे बारा ग्रॅम,
खरपूस भाजलेल्या रव्याच्या रंगाचा.
बाकीचं उभं आहे ते केवळ
कुणी अजून शिंकलं नाही म्हणून.

रात्रपाळीची झेन्ता दाराशी बसून हातमोजे विणते.
चार हिवाळे पुरतात, पाचव्यात अंगठा जातो,
मग नवे, त्याच लाल चांदण्यांचे.
नमुना मावशीचा. मावशीला कुणी दिला, ठाऊक नाही.
मनगटाशी एक टाका दर जोडीत चुकतो,
मावशीचाही तिथेच चुकायचा.
म्हटलं, नीट कर की एकदा.
सुई न थांबवता म्हणाली,
चुकतो तिथून पुढचंच मला येतं.

मार्चमध्ये एक माणूस आला.
इमांत्स, बंदरापलीकडे मासे धुरावतो,
अंगाला आल्डरच्या लाकडाचा वास.
फुप्फुस यादीतून काढणार असं कुठेसं वाचलेलं.
सात वर्षांचा होतो, म्हणाला, शाळेची सहल,
बाईंचं लक्ष नव्हतं,
मी बोट खुपसलं.
आत ऊब होती.

ते भोक माझ्या ओळखीचं आहे.
उजवीकडे, जमिनीपासून नव्वद सेंटिमीटर,
खोली चार, कारण अज्ञात.
नऊ वर्षं मी कारण अज्ञात लिहीत आले,
आणि कारण समोर उभं होतं,
टोपी हातात घेऊन, टक्कल पडू लागलेलं.

नियम मला पाठ आहेत. मी दिवा जवळ धरला.
तो गुडघ्यांवर बसला, तर्जनी पुढे केली.
भोक तेवढंच राहिलं होतं.
नख फक्त टेकलं,
आणि कड ढासळली, आवाजही न होता,
साखरझोपेतल्या कुणी कूस बदलावी तशी.

दोघंही काही बोललो नाही.
त्याच्या बाहीवर पिवळं पडलं होतं,
त्यानं झटकलं नाही.
मीही ब्रश काढला नाही, जो माझ्या खिशातच असतो.
दार उघडून तो गेला.
आमच्या गावात वारा जन्मतो म्हणतात;
कितपत खरं, कोण जाणे,
पण त्या दिवशी पुलापर्यंत पोचेतो
बाही स्वच्छ झाली असणार.

उरलेलं आम्ही मे महिन्यात सावडलं,
झेन्ता आणि मी, हातमोजे घालून.
दोन डबे भरले. रीगाहून पत्र आलं:
'शिल्लक' हा रकाना कोरा का?
उत्तर अजून लिहायचं आहे.

पंखा इमांत्सनं मागून नेला.
तसली मोटर आता कुठे मिळत नाही म्हणे,
त्याच्या धुरघराची तीच जळली होती.
शनिवारी मी चपटे मासे घ्यायला जाते.
वर छताशी तो फिरतो, धूर ओढतो,
अर्धा क्षण अडतो.
रांगेतल्या बायका पुढे सरकतात,
त्यांना वाटतं मी सुटे पैसे शोधतेय.